ढोकळ्यावरचे लाल ठिपके

मैत्रिणींनो, मुलं जरा मोठी झाली, आता बारावीनंतर सुटलेलं बी.एस्सी. पुरं करावं, असं तुमच्यापैकी कितीजणींच्या मनात येतं! काहीजणी धीर करून प्रवेशही घेतात. पण पहिल्याच महिन्यात रसायनशास्त्रातला ‘मोल’ आडवा येतो आणि “आता या वयात कुठलं जमायला!” म्हणून वही मिटते. ती मिटू नका. हा मोल आपण स्वयंपाकघरातच समजून घेऊ या.

साबुदाणा आपण मोजून आणतो का? छे, तोलून आणतो. शंभर दाण्यांचं वजन ठाऊक असलं, की किलोत दाणे किती ते सांगता येतं. रेणू तर इतके बारीक, की तोलण्यावाचून गत्यंतरच नाही. बारा नगांचा डझन, तसा ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतक्या रेणूंचा एक मोल. पाण्याचा मोल भरतो १८ ग्रॅम, खाण्याच्या सोड्याचा ८४ आणि लिंबातल्या सायट्रिक आम्लाचा १९२.

आता ढोकळा घ्या. हळद घातलेल्या पिठात सोडा जास्त पडला, की लाल ठिपके उठतात. का बरं? सायट्रिक आम्लाचा एक रेणू सोड्याचे तीन रेणू संपवतो. म्हणजे ३.२ ग्रॅम आम्लाला ४.२ ग्रॅम सोडा पुरे. तेवढ्यातून २.२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. खोलीतल्या हवेच्या तापमानाला तो सुमारे सव्वा लिटर भरेल! पीठ फुगतं ते त्यानेच. सोडा याहून जास्त घातला तर तो उरतो आणि अल्कलीत हळद लाल होते. पुस्तकातला ‘लिमिटिंग रीएजंट’ तो हाच: जो जिन्नस आधी संपतो, तोच ठरवतो किती माल तयार होणार ते. प्रयोगशाळेत ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून आपण रंग पालटायची वाट पाहतो, तेव्हा हळदीचं हे काम फिनॉल्फ्थॅलीन करतं.

अर्थात एवढ्यावर परीक्षा पास होत नाही हं! गणितं सोडवायलाच हवीत. क्रम मात्र ठरलेला ठेवा. आधी समीकरण दोन्ही बाजूंनी जुळवा. मग ग्रॅमचे मोल करा, मोलांचं प्रमाण लावा आणि शेवटी पुन्हा ग्रॅमवर या. प्रत्येक आकड्यापुढे त्याचं एकक लिहा. निम्म्या चुका तिथेच सापडतील. रोज दोनच गणितं, पण उत्तर न पाहता, स्वतःच्या हाताने सोडवा.

आणि त्यासाठी लागणारा अर्धा तास चोरून घेऊ नका; घरात सर्वांना सांगून घ्या. तेवढा वेळ कुकरच्या शिट्ट्या दुसऱ्या कुणीतरी मोजाव्यात!