घरोब्याचे चालू खाते

भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही. तलाव मात्र विपुल आहेत. मालगुजारीच्या काळापासूनचे लहानमोठे तलाव गावोगावी असल्यामुळे ‘तलावांचा जिल्हा’ हीच त्याची ओळख झाली. जिल्ह्याची वैनगंगा पुढे प्राणहिता होऊन गोदावरीला मिळते आणि तिचे पाणी पूर्वेच्या उपसागराला जाते. येथील पाणी पूर्वेकडे वाहिले, तरी येथील व्यापारी घरांचे लागेबांधे मात्र पुष्कळदा पश्चिमेकडे, मुंबई आणि कोकणपट्टीकडे गेलेले आढळतात.

याचे कारण बाजारात आहे. आधीच्या पिढ्यांतील व्यापारी धान्य-किराण्याच्या कामासाठी मशीद बंदरच्या बाजारात जात. आडत्याच्या पेढीवर दोन दूरच्या गावांचे दोन व्यापारी शेजारी बसत, एकाच ताटाच्या नियमांमुळे एकाच ठिकाणी जेवत, आणि चार-पाच खेपांनंतर एकमेकांच्या मुलाबाळांची नावे त्यांना पाठ होत. परिचयाचा घरोबा होई. पुढे तो बाजार वाशीला गेला. आता भाव मोबाईलवर कळतो, माल वाहतूकदार पोहोचवतो आणि रक्कम क्षणात खात्यावर जमा होते. व्यापाराला प्रत्यक्ष भेटीची गरज उरलेली नाही. ज्या घरोब्याला व्यापाराने जन्म दिला, त्याला जगवण्याचे काम यापुढे व्यापार करणार नाही. ते कुटुंबांनाच ठरवून करावे लागेल.

उदाहरणादाखल दोन कुटुंबे डोळ्यांसमोर आणावीत. एक भंडाऱ्याचे, धान्याच्या व्यापारातले. दुसरे अलिबागचे, किराणा दुकानदाराचे. दोन्हीकडचे आजोबा आता नाहीत. दिवाळीचा संदेश आणि लग्नाची पत्रिका एवढाच व्यवहार काही वर्षे उरला आहे. अशा वेळी अलिबागहून शनिवार-रविवारचे आग्रहाचे निमंत्रण येते. भंडाऱ्याच्या तरुण मुलाच्या मनात पहिला विचार येतो, तो सभ्यपणाचाच असतो. तो म्हणतो, “आजी, त्यांना त्रास कशाला? किनाऱ्यावर हॉटेल घेऊ आणि एका वेळेला त्यांच्याकडे जेवून येऊ.”

आजी म्हणते, “तुझ्या बाबांचे मुंबईत ऑपरेशन झाले, तेव्हा त्या घरची काकू पंधरा दिवस इस्पितळात डबा घेऊन येत होती. तिला त्रास झाला नसेल का? तो डबा आपण घेतला. आता त्यांच्या दारी उतरायला लाजायचे नाही.”

आजीच्या बोलण्यात हिशेबाचे एक मर्म आहे. बँकेत खाते बंद करावयाचे असेल, तर प्रथम त्यातील बाकी शून्य करावी लागते. याउलट जे खाते चालू ठेवायचे, त्यात जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना नोंदी होत राहतात, आणि वर्षअखेर जी काही शिल्लक निघेल ती पुढच्या वर्षात ओढली जाते. घरोब्याचे खाते या दुसऱ्या प्रकारचे असते. डब्याच्या बदल्यात डबा आणि भेटीच्या बदल्यात तेवढ्याच किमतीची भेट देऊन जो ‘फिटंफाट’ करतो, तो नकळत बाकी शून्य करीत असतो. हॉटेलात उतरलेला पाहुणा कोणाचेच देणे ठेवत नाही. पण त्याच्या नावावर पुढे ओढण्यासारखी शिल्लकही राहत नाही.

जायचे ठरल्यावर प्रश्न उरतो तो नीट जाण्याचा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी २०१५ च्या सप्टेंबरपासून बँका बंद असतात, तेव्हा भरण्याची चिंता नसलेले असे दोन शनिवार व्यापाऱ्याला दर महिन्यास मिळतात. भंडारा रोडहून दुपारी विदर्भ एक्स्प्रेसने निघालेले कुटुंब रात्रीच्या प्रवासानंतर सकाळी मुंबईत उतरते. गेटवेहून मांडव्याला जाणारी बोट आणि पुढे रस्त्याने थोडा प्रवास, की अलिबाग येते. पावसाळ्यात या प्रवासी बोटी बंद असतात. चातुर्मासात अनेक घरे प्रवास टाळतातच. त्यामुळे दिवाळीनंतरचे थंडीचे महिनेच दोन्ही अर्थांनी सोयीचे ठरतात.

निघण्यापूर्वी एक दूरध्वनी आवश्यक आहे आणि तो संकोच न करता करावा. दोन्ही घरे एकाच समाजाची असली, तरी प्रत्येक घराचा आचार सारखा नसतो. कोणाचा चौविहार असतो, कोणी उकळलेलेच पाणी घेतो, कोणाला फक्त कंदमूळ वर्ज्य असते, कोणी अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी घेत नाही. पाहुण्याने हे स्पष्ट सांगावे. “आम्हाला काहीही चालते,” हे वाक्य नम्र वाटते, परंतु यजमानीणीच्या दृष्टीने त्याहून अवघड वाक्य दुसरे नाही. कारण मग तिला प्रत्येक ताटाचा अंदाज बांधावा लागतो. अलिबाग हे भौगोलिक मानांकन मिळालेल्या पांढऱ्या कांद्याचे गाव आहे. बाजारात त्याच्या माळा लटकलेल्या दिसतात, आणि या घराच्या ताटात मात्र त्याला प्रवेश नसतो. पाहुण्यांच्या मुलांना याची गंमत वाटली तर वाटू द्यावी. नियम कशाला म्हणतात, हे त्यांना तेथे उपदेशाविना समजते.

चौविहार पाळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घड्याळ साऱ्या देशाचे एक असले, तरी सूर्यास्त सर्वत्र एकाच वेळी होत नाही. भंडारा आणि अलिबाग यांच्या रेखांशांत पावणेसात अंशांच्या आसपास अंतर आहे आणि प्रत्येक अंशामागे चार मिनिटांचा फरक पडतो. डिसेंबरात भंडाऱ्याला सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, तर अलिबागला सहाच्या सुमारास. घरच्या सवयीने साडेपाचला हात धुणाऱ्या आजीला तेथे अर्धा तास अधिक मिळतो. सकाळी मात्र तेवढेच थांबावे लागते. सूर्योदय उशिरा होत असल्यामुळे नवकारशीच्या दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटेही उशिरा पुऱ्या होतात. गावाचे सूर्योदय-सूर्यास्त आधी पाहून ठेवले, तर यजमानीणीची घाई आणि पाहुण्याची अस्वस्थता दोन्ही टळतात.

समुद्राचे घड्याळ त्याहून निराळे असते. तलावाच्या काठी वाढलेल्या मुलांना पाणी ठाऊक असते. परंतु तलावाचे पाणी सकाळी जेथे असते तेथेच संध्याकाळी असते. समुद्र दिवसातून दोनदा पुढे येतो आणि दोनदा मागे जातो, आणि या वेळा रोज पाऊण तासाहून थोड्या अधिक पुढे सरकतात. कोकणातील जुनी माणसे यासाठी तिथीची पाऊणकी करतात. तिथीला पाऊणने गुणले, की भरती किती वाजता पूर्ण होईल याचा अंदाज येतो. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. अष्टमीला आठाची पाऊणकी सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी बाराच्या सुमारास. चतुर्दशीला भरती साडेदहाला आणि ओहोटी साडेचारच्या पुढे. ज्या घरांत तिथी पाहून भाजी ठरते, त्या घरांना हे गणित नव्याने शिकवावे लागत नाही.

या उदाहरणातील शनिवार चतुर्दशीचा आहे असे समजावे. त्या दिवशी ताटात हिरवी भाजी नसते. यजमानीण कडधान्य, कढी आणि पाहुण्यांनीच आणलेल्या भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाचा भात करते. दुपारी साडेतीनच्या पुढे समुद्र पुरेसा मागे हटला, की मंडळी कुलाबा किल्ल्याकडे पायी निघतात. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे ठाणे. चहूकडे खारे पाणी असताना किल्ल्याच्या आत गोडे पाणी आहे, याचे मुलांना मोठे नवल वाटते. एखादा मुलगा म्हणतोच, “काका, अजून थोडा वेळ थांबू या ना!” तेव्हा यजमानाने “नाही” म्हटले, की पाहुण्या वडिलांनी मुलाची बाजू घेऊ नये. किनाऱ्यावर यजमानाचा शब्द अखेरचा असतो. तिथीचे गणित हा अंदाज आहे. भांगाच्या दिवसांत पाणी पुरते ओसरतही नाही. स्थानिक माणूस आणि त्या दिवसाचे भरतीचे वेळापत्रक यांनाच प्रमाण मानावे. पाच वाजता किल्ल्याहून परतलेले कुटुंब सूर्यास्तापूर्वी पंगतीला बसते. समुद्राची वेळ आणि सूर्याची वेळ, दोन्ही पाळली जातात.

या साऱ्यात श्रम कोणाचे होतात, हेही पाहिले पाहिजे. यजमान पाहुण्यांना किल्ला दाखवतो आणि त्याचे कौतुक होते. त्याची पत्नी दोन दिवस स्वयंपाकघराबाहेर येत नाही आणि तिने समुद्र पाहिला की नाही, हे कोणी विचारत नाही. रविवारचा सकाळचा स्वयंपाक पाहुण्यांनी करावा, हा यावरचा साधा उपाय आहे. “वहिनी, आज तुम्ही किनाऱ्यावर जा, आम्ही पोळ्या करतो,” असे पाहुण्या घरातील स्त्री म्हणाली आणि तिच्या नवऱ्याने भांडी घासायला घेतली, तर महागड्या भेटवस्तूने होणार नाही ते काम होते. घरोबा पुरुषांच्या पेढीवर जन्मतो. टिकतो मात्र स्त्रियांच्या राजीखुशीने. जी सून दोन दिवस केवळ राबली, ती पुढच्या निमंत्रणास उत्सुक राहणार नाही, आणि तिचे काही चुकले असेही म्हणता येणार नाही.

एक गोष्ट अशी आहे, की तिच्यामुळे जुने घरोबे मोडलेले पाहण्यात येतात. संध्याकाळी वाळूत गप्पा रंगलेल्या असतात. यजमानाचा धाकटा भाऊ म्हणतो, “काकाजी, दुकान वाढवायचे आहे. बँक जामीनदार मागते. तुम्ही घरचेच आहात, एक सही हवी होती.” ज्याच्या घरचे अन्न दुपारी घेतले, त्याला संध्याकाळी नकार देणे कठीण असते. परंतु १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२८ पाहुणचार ओळखत नाही. करारात निराळे ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. आणि धनकोने आधी ऋणकोकडूनच वसुली पुरी करून पाहावी, असे बंधन सर्वसाधारणपणे नसते. सही करणाऱ्याला ती शिफारस वाटते. कायद्याच्या दृष्टीने ते कर्ज असते.

भंडाऱ्याच्या काकाजींनी द्यावयाचे उत्तर सरळ आहे : “आज मी पाहुणा म्हणून आलो आहे. तीन वर्षांचे ताळेबंद आणि कर्जाचे कागद भंडाऱ्याला पाठव. दुकानात बसून पाहीन आणि आठ दिवसांत हो की नाही ते सांगेन.” यात अपमान नाही आणि खोटे आश्वासनही नाही. कागद पाहून नाही म्हणावे लागले, तर कारणासह आणि स्वतःच्या तोंडाने म्हणावे. झेपेल तेवढी मदत आपल्या ऐपतीतून, परत येईल ही आशा न धरता करावी. स्पष्ट नकाराने काही दिवस बोलणे कमी होईल. हप्ते थकले आणि जामीनदाराला नोटीस आली, तर दोन पिढ्यांचे बोलणे बंद होईल. ज्याला मागायचे आहे त्यानेही हे ओळखावे, की पाहुणा आपल्या छताखाली असताना त्याच्यापुढे कागद ठेवणे हा त्याच्या संकोचाचा लाभ घेणे होय.

‘अतिथी’ म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही तो. श्रावकाच्या बारा व्रतांतील अतिथिसंविभाग व्रताचा मूळ रोख साधुसाध्वींना द्यावयाच्या दानाकडे आहे. कौटुंबिक पाहुणचार त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र त्या शब्दातील ‘संविभाग’, म्हणजे आपल्यातला योग्य वाटा काढून देणे, गृहस्थाला रोजच्या व्यवहारातही मार्गदर्शक ठरतो. आपल्या अन्नातला, वेळेतला आणि घरातला वाटा देता येणे म्हणजे संपन्नता. तो वाटा निःसंकोचपणे घेता येणे हीदेखील एक शिकण्यासारखी गोष्ट आहे, आणि पुढच्या पिढीला ती शिकवली जात नाही.

रविवारी दुपारी पिशवीत नारळ आणि आमसुले पडतात. पाहुण्यांनी तेथेच किंमत मोजू नये. उंबरठा ओलांडण्यापूर्वी निमंत्रण द्यावे, आणि तेही “कधीतरी या” असे नव्हे, तर महिना सांगून. भंडाऱ्याकडे दाखवायला काय आहे, असा न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. किनाऱ्यावर वाढलेल्या मुलांनी थंडीत धुके उतरलेला तलाव पाहिलेला नसतो. पवनीचे वैनगंगेवरचे घाट, तुमसरकडील आंबागड, ज्या भांड्यांमुळे भंडारा ‘पितळनगरी’ म्हणून ओळखले गेले ती भांडी, आणि नव्या चिन्नोरचा शिजताना सुटणारा सुगंध, हे सारे त्यांच्यासाठी अपूर्वाईचे असते. सूर्यास्त मात्र त्यांच्या घड्याळापेक्षा अर्धा तास आधी होईल, हे यजमानांनी त्यांना आधीच कळवून ठेवावे.

ज्या घरांकडे आजोबांच्या वेळची अशी एखादी ओळख आहे, त्यांनी येत्या दुसऱ्या शनिवारची वाट न पाहता या आठवड्यातच त्या घरी दूरध्वनी करावा. क्रमांक बहुधा आजीलाच ठाऊक असेल.