रिपोर्टची उरलेली अर्धी बाजू



सोनोग्राफीचे पाकीट घरी आले की बहुधा ते आधी वडीलधाऱ्यांच्या हाती पडते. आपण चष्मा लावतो आणि थेट शेवटच्या ओळी शोधतो. निष्कर्ष तेथे असतो, हे इतक्या वर्षांच्या अनुभवाने ठाऊक झालेले असते. ‘नो सिग्निफिकंट अ‍ॅबनॉर्मॅलिटी’ हे शब्द दिसले की जीव भांड्यात पडतो. ‘‘बघ, काही निघालं नाही. उगाच घाबरलीस,’’ असे आपण नातीला किंवा सुनेला म्हणतो. ती मात्र गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून भिंतीकडे तोंड करून पडलेली असते.

आपण हे मायेनेच म्हणतो. पण एंडोमेट्रिऑसिस या विकाराच्या बाबतीत ते वाक्य चुकीचे ठरू शकते. शिवाय त्यानंतर ती मुलगी दुखणे सांगणेच सोडून देते.

गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजांडकोशावर, ओटीपोटाच्या आतील पातळ आवरणावर, गर्भाशयाच्या मागील बाजूस, कधी आतड्यावर वा मूत्राशयावर वाढू लागते, तेव्हा त्या विकाराला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. पाळीच्या चक्रातील संप्रेरकांना ही ऊती प्रतिसाद देते. त्यामुळे तेथे दाह होतो, व्रण राहतात आणि अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रिया व मुलींना हा विकार असतो. त्याचे निदान होण्यास अनेकींच्या आयुष्यातील काही वर्षे जातात. ‘पाळीत दुखायचंच’ आणि ‘लग्न झालं की थांबेल’ या आपल्या पिढीच्या समजुतींचाही त्या विलंबात वाटा आहे, हे मान्य केले पाहिजे.

तपासणीत हा विकार कधी दिसतो आणि कधी दिसत नाही, हे समजण्यासाठी त्याचे तीन प्रकार ध्यानात घ्यावेत. पहिला प्रकार बीजांडकोशातील गाठीचा. तिच्यात जुने, दाट, तपकिरी रक्त साठते म्हणून तिला ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. रिपोर्टमध्ये ‘एंडोमेट्रिओमा’ असा शब्द येतो. ही गाठ सोनोग्राफीत सहसा चांगली दिसते. दुसरा प्रकार खोलवर रुजलेला. तो आतडे, मूत्राशय वा गर्भाशयामागील बंधांमध्ये शिरतो. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये तो दिसू शकतो, परंतु पाहणाऱ्या डॉक्टरांना त्याचा सराव असावा लागतो. तिसरा प्रकार वरवरचा. आवरणावर काही मिलिमीटरचे ठिपके विखुरलेले असतात. ते सोनोग्राफीत बहुधा दिसत नाहीत आणि एमआरआयमध्येही निसटतात.

म्हणून ‘नॉर्मल’ या शब्दाचा अर्थ ‘या पद्धतीने जे दिसू शकते, त्यात काही आढळले नाही’ एवढाच घ्यावा. युरोपातील ईश्रे या वैद्यकीय संस्थेची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात, की तपासणी निर्दोष आली तरी विकार नाही असे म्हणता येत नाही. लक्षणे ठळक असतील, तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची वाट न पाहताही डॉक्टर औषधोपचार सुरू करू शकतात.

अविवाहित मुलींची सोनोग्राफी आपल्याकडे बहुधा पोटावरूनच होते. तिच्यात गर्भाशयामागील भाग नीट दिसत नाही. अशा वेळी एमआरआयचा उपयोग होईल का, हे डॉक्टरांना विचारावे. योनिमार्गातून तपासणी करायची की नाही, हा निर्णय त्या मुलीचा असतो.

उलट प्रकारही घडतो. रिपोर्ट पाहून घर हादरते, आणि मुलगी म्हणते की फारसे दुखत नाही. या विकाराच्या १ ते ४ अशा पायऱ्या मानल्या आहेत. त्या विकाराचा पसारा सांगतात, वेदनेची तीव्रता सांगत नाहीत. चौथ्या पायरीवरील स्त्रीला थोडाच त्रास असू शकतो आणि पहिल्या पायरीवरील स्त्री दर महिन्याला अंथरुणाला खिळू शकते.

दोन रिपोर्ट परस्परविरोधी वाटले, तर लगेच कोणा एका डॉक्टरांना दोष देऊ नये. पहिल्यात ‘हेमोरॅजिक सिस्ट’ आणि दुसऱ्यात ‘एंडोमेट्रिओमा’ असे लिहिलेले असू शकते, कारण दोन्ही गाठींत रक्तच असते. पहिली बहुधा काही आठवड्यांत विरते, दुसरी टिकून राहते. म्हणूनच डॉक्टर ६ ते १२ आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करण्यास सांगतात. तो चालढकलीचा सल्ला नसतो. त्या काळात गाठ आपली ओळख पटवते. मापात २-३ मिलिमीटरांचा फरक आला, तर यंत्र, तपासणारा आणि पाळीचा दिवस बदलल्यामुळेही तो पडतो. उपचारांनी वेदना कमी झाली पण गाठ तेवढीच राहिली, तर औषध वाया गेले असे समजू नये. ‘मिनिमल फ्री फ्लुइड’ या शब्दांनीही घाबरू नये. पोटातील असे थोडे द्रव पुष्कळदा स्वाभाविक असते.

सीए-१२५ ही रक्ततपासणी अनेक घरांत धास्ती निर्माण करते, कारण ३५ ही मर्यादा ओलांडली की मनात कर्करोगाचा विचार येतो. हा आकडा एंडोमेट्रिऑसिस, फायब्रॉइड, पोटातील क्षयरोग, इतकेच काय पाळीच्या दिवसांतही वाढू शकतो. केवळ त्यावरून निदान होत नाही.

आता रिपोर्टच्या तळाशी असणाऱ्या दोन शब्दांकडे पाहा. तेथे अनेकदा ‘क्लिनिकल कोरिलेशन’ करावे असे लिहिलेले असते. आपण ते छापील उपचार समजून सोडून देतो. वास्तविक तपासणारे डॉक्टर त्यात सांगत असतात, की ही चित्रे रुग्णाच्या तक्रारींशी जुळवून पाहा. म्हणजे अर्धी बाजू यंत्राने दिली. उरलेली अर्धी त्या मुलीच्या सांगण्यात आहे. ती बाजू जपण्याचे काम घरातील ज्येष्ठ उत्तम करू शकतात.

त्यासाठी एक साधी वही पुरते. दुखण्याची तारीख, पाळीचा कितवा दिवस, शून्य ते दहामध्ये वेदना किती, शौच वा लघवीच्या वेळी दुखते का, कॉलेज वा काम किती दिवस बुडाले, कोणती गोळी घेतली, हे तिला विचारून लिहावे. जुन्या रिपोर्टांबरोबर फिल्म वा सीडीही तारखेनुसार फायलीत लावाव्यात. सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर ‘एंडोमेट्रिऑसिसची शंका’ असे लिहून देण्याची डॉक्टरांना विनंती करावी, म्हणजे तपासणारे त्या दृष्टीने पाहतील. खोलवरचा विकार असल्यास मूत्रपिंडे पाहिली का, हे अवश्य विचारावे. मूत्रवाहिनीवर दाब येऊन मूत्रपिंडाचे नुकसान न दुखताही होऊ शकते. गाठ काढण्याचा सल्ला मिळाल्यास बीजांडकोशावर काय परिणाम होईल, हेही विचारावे. डॉक्टर तिच्याशी एकांतात बोलू इच्छित असतील, तर आपण निमूटपणे बाहेर बसावे. एकाएकी असह्य वेदना, उलट्या, ताप वा चक्कर असेल, तर वही बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे.

ज्यांची पाळी थांबून बरीच वर्षे झाली, त्या वाचक भगिनींसाठीही एक सूचना. रजोनिवृत्तीनंतर हा विकार बहुधा शांत होतो, पण नेहमीच नाही. या वयात बीजांडकोशात गाठ दिसली, तर ‘ती जुनीच असेल’ असे स्वतः ठरवू नका. रक्तस्राव झाला, तर तो थेंबभर असला तरी डॉक्टरांना दाखवा. संप्रेरकांची औषधे सुरू करण्यापूर्वी जुना एंडोमेट्रिऑसिस अवश्य सांगा.

आपल्यापैकी अनेकींनी तरुणपणी हे दुखणे ओठ मिटून सोसले. तेव्हा विचारणारे कोणी नव्हते आणि पाहणारे यंत्रही नव्हते. आज यंत्र आहे, पण त्याची नजर सर्वत्र पोहोचत नाही. पुढचे पाकीट घरी येईल, त्यात ‘नॉर्मल’ असा शब्द असेल, तर तो आनंदाने वाचा आणि चष्मा काढून तिच्याजवळ बसा. ‘‘यात दिसलं नाही, पण तुला दुखतंय ना? मग आपण पुन्हा विचारू,’’ एवढेच म्हणा. बहुधा ती भिंतीकडचे तोंड वळवून बोलू लागेल.