चैत्रातली सुपारी आणि वार्षिक परीक्षा

पाडवा जवळ आला की नारायणगावात तमाशाफडांच्या राहुट्या उभ्या राहतात. बाहेर फडाच्या नावाचा भडक रंगातला फलक, आत टेबलावर चोपडी आणि शेजारी पंचांग. गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, घासाघीस होते. अष्टमीचा भाव वेगळा, पौर्णिमेचा वेगळा, मधल्या आडतिथीचा वेगळा. रात्रीचा खेळ, दुसऱ्या दिवशीच्या हजेऱ्या, गाड्यांचा खर्च हे सगळं ठरून सुपारी चोपडीत उतरते. एक गोष्ट मात्र या चोपडीत कधीच येत नाही. शाळांच्या वार्षिक परीक्षा याच दिवसांत असतात आणि फडावरच्या बायांची मुलं कुठल्या तरी गावी आजीच्या घरून पेपरला जात असतात.

दसऱ्याला बाहेर पडलेला फड वैशाखात परततो. म्हणजे शाळेचं वर्ष आणि फडाचं वर्ष जवळजवळ एकच. पावसाळ्यात आई घरी असते. स्नेहसंमेलनाला, पालकसभेला, परीक्षेला नसते. मुलांना घरी ठेवावं, की बरोबर न्यावं? जुन्नर-आंबेगावला हा प्रश्न परका नाही. तमाशापंढरी म्हणून मिरवायचं, तर त्याचं उत्तरही इथूनच शोधायला हवं.

आई-बाप कामासाठी दूर गेल्यावर घराचं काय होतं, हा नाटक-सिनेमाचा जगभरचा हुकमी विषय आहे. फिलिपाइन्समध्ये १९७४ च्या कामगार संहितेपासून परदेशी मजूर पाठवणं हे सरकारी धोरणच झालं आणि परदेशात राबणाऱ्यांना पुढे नव्या युगाचे वीर म्हणून गौरवण्यात आलं. तिथल्या ‘आनाक’ या २००० सालच्या चित्रपटानं मात्र दुसरी बाजू दाखवली. हाँगकाँगला घरकामाला गेलेली जोसी परत येते तेव्हा मुलं तिला ओळखीची राहिलेली नसतात आणि थोरली मुलगी तर तिचा हिशेबच मागते. देश जिला वीर म्हणतो, तिला घरात गुन्हेगारासारखं उभं राहावं लागतं.

आपल्याकडे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांची हकिकत महाराष्ट्राला पाठ आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, खेळ चालू असतानाच मागे जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या, असं सांगितलं जातं. १९५७ आणि १९९० मध्ये त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, अखेरचे दिवस मात्र हलाखीत गेले. आज राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावानं दिला जातो. ही हकिकत सांगताना आपण कलेवरच्या निष्ठेचा गौरव करतो. त्या रात्री खेळ थांबवायची सोय का नव्हती आणि बाळाला कुणी धरलं होतं, हे कुणी विचारत नाही.

कथा-नाटकांचं पारडंही सरळ नाही. आनंद यादवांच्या ‘नटरंग’वरच्या चित्रपटात गुणा घर मागे टाकून फडापायी झपाटतो, तेव्हा प्रेक्षक हळहळतो ते कलावंतासाठी. बाई घर सोडून गेली की मात्र कथेला दोषी सापडतो. जुन्नर-आंबेगाव या दोन तालुक्यांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेले. कुणी डबे पोहोचवले, कुणी माथाडीची ओझी उचलली. घरी पैसे पाठवले आणि वर्षाकाठी सणाला, यात्रेला येऊन गेले. त्यांना कुणी वाईट बाप म्हटलं नाही. बापाचं दूर असणं हा त्याग आणि आईचं दूर असणं हा अपराध, ही मोजणी खोटी आहे. यात्रेतल्या तमाशाला टाळ्या वाजवणारे आपण सगळेच तिचे भागीदार आहोत.

पण म्हणून मुलाची तक्रार खोटी ठरत नाही. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ मध्ये आलं, तेव्हा तमाशातल्या आईच्या मुलानं स्वतः लिहिलेलं बालपण मराठी वाचकासमोर उभं राहिलं. आजोळी राबणं, बापाच्या नावाच्या जागी आईचं नाव लावणं आणि आईची वाट पाहणं. आई का गेली हे कळूनही वाट पाहण्याचा त्रास कमी होत नाही, हे त्या पुस्तकानं दाखवलं. आईची बाजू मांडायच्या भरात मुलाला गप्प करणं हाही अन्यायच.

मुलांना बरोबर न्यावं, असं म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. पोर आईजवळ राहतं आणि कलाही तशीच उतरते. विठाबाई वडिलांच्या फडात घडल्या, त्यांची कन्या मंगला बनसोडे आईच्या फडात. कांताबाई सातारकरांचे चिरंजीव रघुवीर खेडकर यांनीही घरचाच फड पुढे नेला. ढोलकीची थाप आणि बतावणीतला हजरजबाबीपणा वर्गात बसून येत नाही. पण ही नावं फडमालकांच्या घरची आहेत. फडात नाचणाऱ्या, वाजवणाऱ्या, तंबू ठोकणाऱ्या माणसाच्या पोराला बरोबर नेलं तर पहाटे खेळ संपल्यावर पेट्यांबरोबर ट्रकवर चढायचं आणि नव्या गावात दुपारपर्यंत झोपायचं, हाच दिनक्रम. त्याच्या वाट्याला फडाचा वारसा येतो तो मालकीशिवाय. वर मांग, महार, कोल्हाटी या जातींवर लादलेला धंदा पुढच्या पिढीच्याही गळ्यात पडतो.

घरी ठेवण्याचीही किंमत आहे. आजी थकलेली असते आणि पाठवलेल्या पैशावर नातेवाइकांचं लक्ष असतं. वयात येणाऱ्या मुलीची राखण हा फडावरच्या आईचा कायमचा घोर. फोन आले, पण आईला बोलायला सवड मिळते ती खेळ संपल्यावर, मुलं झोपेत असताना. तरीही शाळा सुटत नाही आणि दुसरा रस्ता उघडा राहतो. दोन्ही बाजू तोलल्यावर आमचा कौल घरी ठेवण्याकडे झुकतो. मात्र ते घर एकट्या आजीच्या भरवशावर सोडता कामा नये.

आईनं जाऊच नये, हा उपदेश तर फुकटचा आहे. हंगामाच्या सुरुवातीला कलावंत मालकाकडून उचल घेतो. मालक स्वतः सावकाराचा देणेकरी असतो. उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. २०२० मध्ये पाडव्याच्याच दिवशी, २५ मार्चला, देशात टाळेबंदी सुरू झाली आणि यात्रा बंद पडल्या. त्या चैत्रात आया घरी होत्या, पण घरात कमाई नव्हती. आई जवळ असली की घर सुखी, एवढं हे गणित सोपं नाही.

मग करायचं काय? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्यात हंगामी वसतिगृहांची व्यवस्था आहे. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृह योजनाही आली. कोयता आणि फड यांचा हंगाम जवळपास एकच. भीमाशंकर आणि विघ्नहर या कारखान्यांच्या परिसरात हे स्थलांतर आपण दर वर्षी पाहतो. मग तमाशा कलावंतांच्या मुलांसाठी दसरा ते वैशाख चालणारं वसतिगृह नारायणगावात का नसावं? स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना शाळेत प्रवेश मिळवून देण्याची जबाबदारी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहेच. वसतिगृहामुळे कलेची परंपरा तुटेल, ही भीती अनाठायी नाही. त्यासाठी पावसाळ्यात, कलावंत घरी असताना, त्यांनाच मानधन देऊन मुलांना ढोलकी-गायन शिकवायला बोलावता येईल. ज्याला फडात जायचं आहे तो शिकून जाईल.

शासनावर सगळं ढकलूनही भागणार नाही. परीक्षेच्या आठवड्यात बदली कलावंत घेऊन आईला दोन-तीन दिवसांची पगारी रजा द्यायची, तर खर्च वाढतो. एकट्या फडमालकाला तो झेपणार नाही, हे मान्य. म्हणून सुपारीत त्याचा वाटा धरावा लागेल. बैलगाडा शर्यतीच्या बक्षिसांवर सढळ हातानं खर्च करणाऱ्या यात्रा कमिट्यांना तो जड नाही. येत्या हंगामात राहुटीत बसून भाव ठरवताना कमिट्यांनी ही रक्कम स्वतःहून चोपडीत लिहून घ्यायला सांगावी. तमाशा आपला म्हणायचा, तर त्यातल्या माणसांच्या मुलांचा खर्चही आपलाच.