बोचणीवर भीतीचे औषध

आघातानंतरचा मानसिक ताण, म्हणजे डॉक्टरांचा ‘पीटीएसडी’, हा जिरवता न आलेल्या भीतीचा आजार. भीती घालवा, माणूस मोकळा होईल, असे शिकलेसवरलेले लोकही छातीठोकपणे सांगतात. हे म्हणणे निराधार नाही. 1980 साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने हे निदान स्वीकारले तेच चिंताविकारांच्या रांगेत. आठवण टाळू नका, ती पुन्हा पुन्हा सांगा, टाळलेल्या जागी परत जा, ही मानसशास्त्रज्ञ एड्ना फोआ यांची उपचारपद्धतीही मुळात भीतीच्या अभ्यासातून आली. ती पुष्कळांना लागू पडते, हे मी नाकारत नाही.

पण किल्लारीचा भूकंप घ्या. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटे. गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचे माळवद. समजा, एक बाप बाहेरच बाजेवर आडवा झाला आणि ‘गारठा हाय, आत नीज’ म्हणून पोराला त्यानेच घरात धाडले. घर कोसळले, पोर गेले. दोन वर्षांत त्याची भीती ओसरते. जड ट्रक गेला, भांडी थरथरली, तरी तो दचकत नाही. नव्या घरात छपराखाली निवांत झोपतो. गणपती आले की मात्र दहा दिवस शेतावर जाऊन राहतो. त्याला ‘घाबरू नका’ कोणत्या तोंडाने सांगणार? पोराला आपणच मारले, असे त्याच्या मनाने घेतले आहे.

अशा वेळी मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया रेसिक यांची वाट मला जवळची वाटते. बलात्कार सोसलेल्या स्त्रियांबरोबर काम करताना त्यांनी घटनेच्या आठवणीइतकाच तिच्या अर्थाला हात घातला. आज कळलेले तेव्हा ठाऊक होते का, हे त्या पद्धतीत माणसाकडूनच तपासून घेतात.

‘म्हणजे अपराधभाव खोडून काढायचा, एवढेच ना?’ नाही. सैनिकाच्या हातून खरोखरच निरपराध माणूस मेला असेल, तर त्याची बोचणी खोटी कशी ठरवणार? व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या जोनाथन शे यांनी नैतिक जखमेकडे लक्ष वेधले. तिथे कबुली हवी, जमेल तेवढी भरपाई हवी. लाजेचे आणखी वेगळे. ती झाकून ठेवली की चिघळते, तिला न हिणवणारा एक तरी श्रोता लागतो. आणि ‘राग सोडा’ या सल्ल्याचा तर मलाच राग येतो. अन्याय झालेल्याने तो का सोडावा?

त्याच अमेरिकन संघटनेच्या 2013 च्या वर्गीकरणाने हा आजार चिंताविकारांतून बाहेर काढला. अपराधभाव, लाज, राग लक्षणांत नोंदवले. पण उपचाराच्या खोलीत पहिला प्रश्न अजूनही ‘भीती वाटते का?’ हाच असू शकतो. तो बाप खरेच सांगतो, ‘न्हाई.’ आणि त्याला बरा म्हणून घरी पाठवतात.