शहराचा उकिरडा अन् आपलं वावर



काल मोसंबीच्या आळ्यात खत घालताना हाताला काच लागली. शेणखत मिळेना म्हणून एका शहराच्या कचऱ्याचं कंपोस्ट ट्रॉलीभर आणलं होतं. मग दोन घमेली चाळून बघितली. वर राहिलं ते असं: काचा, शाम्पूच्या पुड्या, घड्याळाचे दोन सेल.

अशीच शहरं चौकाचौकात "शाश्वत विकास"चे बोर्ड लावतात. माझं म्हणणं एकच. जे शहर घराघरात ओला-सुका वेगळा करून घेत नाही ते शाश्वत नाही. ते आपला उकिरडा दुसऱ्याच्या वावरात सरकवतंय.

नारेगाव आठवा. बदनापूरहून कितीसं लांब? तेव्हाच्या औरंगाबादचा कचरा तिथं वर्षानुवर्षे पडत होता. फेब्रुवारी 2018 ला आजूबाजूच्या गावांनी गाड्या अडवल्या अन् शहरात कचऱ्याचे ढीग लागले. दुसरी जागा शोधायला गेले तर मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेक अन् लाठीमार झाला. शहर तर 2016 लाच स्मार्ट सिटीच्या यादीत आलेलं. घनकचऱ्याचे नियमही 2016 चेच. ओला, सुका अन् घरगुती घातक असे तीन भाग घरातच करा, असं त्यात सरळ लिहिलं होतं. नियम होता, योजना होती. यंत्रणा हलली कधी? गावानं रस्ता अडवल्यावर! पुढं चिकलठाणा, पडेगावला प्रकल्प उभे राहिले. म्हणजे जमत होतं, फक्त करायचं नव्हतं.

खरी गोम कारभारात आहे. शहराची जबाबदारी हद्दीच्या पाटीपाशी संपते, घाण मात्र पाटी ओलांडून येते. शेजारच्या खेड्याला महापालिकेत मत नाही. शहरवाल्यांचं तरी कुठं होतं? एप्रिल 2020 ला नगरसेवकांची मुदत संपली, मग वर्षानुवर्षे प्रशासक. स्मार्ट सिटीची तर कंपनीच वेगळी. जाब विचारायचा कुणाला? संयुक्त राष्ट्रांनी 2015 ला 17 उद्दिष्टं ठरवली, त्यातलं 11 वं शहरांचं. शहर अन् खेडं जोडून नियोजन करा, असं त्यातही आहे. आपल्याकडं जोडणी फक्त कचऱ्याच्या गाडीची.

कोणी म्हणेल, घेऊच नका असलं खत. मला ते पटत नाही. माझ्या माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब 0.38 टक्के आलाय. जनावरं कमी झाली, शेणखत परवडत नाही. शहरात गेलेलं धान्य-भाजी म्हणजे आपल्याच जमिनीचा कस. तो परत यायलाच पाहिजे, पण स्वच्छ होऊन.

म्हणून तीन मागण्या:

1. प्रत्येक लॉटसोबत तपासणीचा कागद द्या. खत नियंत्रण आदेशात मोजमाप आहे: 90 टक्के माल 4 मिलिमीटरच्या चाळणीतून पडावा, शिसं किलोला 100 मिलिग्रॅमच्या आत, कॅडमियम 5 च्या आत.
2. कचऱ्याचा निर्णय घेणाऱ्या समितीत शेजारच्या ग्रामपंचायतींना जागा द्या.
3. मिसळलेला कचरा दारातून उचलूच नका.

आपणही धुतल्या तांदळाचे नाही. मल्चिंगचा कागद अन् ठिबकच्या जुन्या नळ्या बांधावर पेटवतो, मीही पेटवल्यात. यंदापासून बंद.

कंपोस्ट आणलं असेल तर एक घमेलं चाळा अन् काय निघालं ते खाली लिहा. काचेचे तुकडे पुढच्या पिढीच्या पायात जायला नकोत.