डबक्यातले गुरुजी

काय दोस्तांनो, एक कोडं घालू? अंगभर केस आहेत, पण डोकं नाही. तोंड आहे, पण दात नाहीत. सगळं शरीर म्हणजे एकच पेशी, पण तिच्यात केंद्रकं मात्र दोन! ओळखा पाहू कोण?

हा आहे टेट्राहायमेना. नाव जरा अवघड आहे खरं, पण दोनदा मोठ्याने म्हणा, जमेल. गोड्या पाण्याच्या तळ्यात, डबक्यात हा राहतो. आकार नासपतीसारखा आणि लांबी जेमतेम मिलिमीटरचा विसावा भाग. अंगावरचे केस हीच त्याची वल्ही. ती सपासप हलवत तो पोहतो. या केसांना शास्त्रज्ञ पक्ष्माभिका म्हणतात. पक्ष्म म्हणजे पापणीचा केस. तुमच्या पुस्तकातला चपलेच्या आकाराचा पॅरामेशियम याचाच भाऊबंद.

तुम्ही म्हणाल, या एवढ्याशा जिवाकडून माणसाने काय शिकायचं? थांबा, सांगतो.

आधी त्या दोन केंद्रकांची गंमत पाहू. लहान केंद्रक म्हणजे शेतकऱ्याने कणगीत जपून ठेवलेलं बियाणं. रोजच्या कामात त्याला हात लावायचा नाही, ते फक्त पुढच्या पिढीसाठी. मोठं केंद्रक म्हणजे रोजच्या जेवणाचं धान्य. पेशीचा सगळा कारभार त्याच्यावर चालतो. दोन टेट्राहायमेना एकमेकांना चिकटून बियाण्याची देवाणघेवाण करतात, तेव्हा जुनं मोठं केंद्रक नष्ट होतं आणि बियाण्यातून नवं तयार होतं.

हे नवं केंद्रक बनताना भलताच प्रकार घडतो. लहान केंद्रकात गुणसूत्रांच्या फक्त पाच जोड्या असतात. त्या कापून सुमारे १८० तुकडे होतात आणि बहुतेक तुकड्यांच्या ४५च्या आसपास प्रती निघतात. एका छोट्या तुकड्याच्या तर जवळजवळ दहा हजार! आता प्रत्येक तुकड्याला टोकं दोन. म्हणजे या इवल्याशा जिवात हजारो टोकं झाली की नाही? माणसाच्या पेशीत गुणसूत्रं ४६, म्हणजे टोकं फक्त ९२.

आणि शास्त्रज्ञांना हवी होती ती टोकंच! का? तर त्यांना एक प्रश्न छळत होता. पेशीचं विभाजन होण्याआधी गुणसूत्रातल्या डीएनएची नक्कल निघते. पण नक्कल करणाऱ्या यंत्रणेला अगदी टोकापर्यंत पोहोचताच येत नाही. शेणाने जमीन सारवताना पाहिलंय ना? सारवणारी बाई मागे मागे सरकत जाते आणि दारातून बाहेर पडते. पण खोलीला दारच नसेल तर? ती बसली असेल तेवढी जागा सारवायची राहणारच. तसंच इथे. प्रत्येक वेळी टोकाचा थोडा भाग राहून जायचा आणि गुणसूत्र आखूड व्हायचं. मग कोट्यवधी वर्षं सजीव टिकले कसे?

मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी अमेरिकेत जोसेफ गॉल यांच्याबरोबर टेट्राहायमेनाची टोकं तपासली. १९७८ साली त्यांनी जाहीर केलं, की टोकाशी सहा अक्षरांचा एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो : टीटीजीजीजीजी, टीटीजीजीजीजी... पाढा म्हटल्यासारखा! या टोकाला म्हणतात टेलोमिअर. १९८२ साली ब्लॅकबर्न आणि जॅक शोस्टॅक यांनी ही टोकं यीस्टमधल्या डीएनएला जोडली, तर तिथेही ती तग धरून राहिली. कुठे डबक्यातला जीव आणि कुठे पाव फुगवणारं यीस्ट! म्हणजे ही युक्ती फार प्राचीन असणार, हे उघड झालं.

पण हा पाढा लिहितं कोण? ब्लॅकबर्न यांची विद्यार्थिनी कॅरल ग्रायडर तेव्हा २३ वर्षांची होती. लहानपणी डिस्लेक्सियामुळे तिला स्पेलिंग जमत नसे. हीच मुलगी डीएनएची अक्षरं वाचायला बसली! २५ डिसेंबर १९८४, नाताळचा दिवस. सगळे सुट्टीत आणि ही प्रयोगशाळेत. तिथे तिला टेट्राहायमेनाच्या रसात टोकं वाढवणाऱ्या विकराची पहिली खूण दिसली. त्याचंच पुढे नाव पडलं टेलोमरेज. सारवण्याच्या भाषेत सांगायचं तर हा विकर खोलीची जमीनच थोडी वाढवून देतो. मग कडेचा पट्टा राहिला तरी मूळ खोली सारवून होते.

तुमच्या-माझ्या पेशींतही असाच पाढा आहे, फक्त एक अक्षर वेगळं : टीटीएजीजीजी. आपल्या शरीराच्या बहुतेक पेशींत टेलोमरेज गप्प असतो. म्हणून त्या ठरावीक वेळाच विभागतात आणि मग थांबतात. बहुतेक कर्करोगांच्या पेशी मात्र त्याला जागं करतात आणि न थांबता वाढत सुटतात. त्यामुळे ‘टेलोमरेज वाढवा आणि तरुण राहा’ अशी जाहिरात दिसली, तर लगेच भुलू नका बरं का! ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि शोस्टॅक यांना २००९ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं.

त्याआधी १९८९ सालीही टेट्राहायमेनाचं नाव नोबेलच्या निमित्ताने गाजलं होतं. विकरांशिवाय आरएनए स्वतःच स्वतःला कापू-जोडू शकतो, हे थॉमस चेक यांनी याच जिवात पाहिलं होतं.

पाहा, तळ्यातला जीव तपासताना कोणी कर्करोगाचा विचारही करत नव्हतं. प्रश्न एवढाच होता : टोकं टिकतात कशी? तेव्हा एखादा प्रश्न ‘बिनकामाचा’ आहे असं कोणी म्हटलं, तरी तो सोडू नका.

करून पाहा : बरणीत डबक्याचं पाणी घ्या. त्यात थोडं वाळलेलं गवत टाका. झाकण सैल ठेवा. चार-पाच दिवसांनी त्यातला एक थेंब शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा. केसांची वल्ही मारत धावणारं कोणी दिसतंय का? दिसलं तर चित्र काढा. आणि नंतर साबणाने हात धुवायला विसरू नका!