व्हरांड्यात न विचारलेला प्रश्न

ऑक्टोबर लागला की दवाखान्यांच्या भिंतींवर गुलाबी फिती दिसू लागतात. स्तनाच्या कर्करोगाविषयी जागृतीचा हा महिना. गाठ कशी ओळखायची, तपासणी कुठे करायची, वेळेत उपचार झाले तर बाई कशी वाचते, हे या महिन्यात सांगितलं जातं आणि ते सांगायलाच हवं. मात्र याच महिन्यातला तिसरा बुधवार आपल्याकडे येतो आणि निघून जातो. टोरांटोचे प्लास्टिक सर्जन डॉ. मिचेल ब्राउन यांच्या पुढाकारानं २०११ पासून तो दिवस स्तनाच्या पुनर्रचनेची माहिती देण्यासाठी पाळला जातो. आजारापायी काढलेला स्तन पुन्हा घडवता येतो, आणि हे बाईला ऑपरेशन झाल्यावर कधीतरी कळण्याऐवजी आधीच कळायला हवं, हा त्यामागचा आग्रह.

सौंसरात या दिवसाविषयी लिहिण्याचं कारण आहे. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यातून सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला तो ५ ऑक्टोबर २०२३ रोजी. नवा जिल्हा म्हटला की कचेऱ्या, पाट्या, पदं यांची चर्चा होते. पण मोठा आजार घरात शिरला की इथल्या माणसाची वाट आजही सावनेरवरून नागपूरला जाते. संत्र्याचा बाजार तिकडे, लेकीसुनांची माहेरं तिकडे आणि कॅन्सरचे दवाखानेही तिकडेच: तुकडोजी चौकातलं राष्ट्रसंतांच्या नावाचं रुग्णालय, सरकारी मेडिकल कॉलेज, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, मिहानमधलं एम्स. साठ-पासष्ट किलोमीटरवर एवढी सोय असणं हे या तालुक्याचं भाग्यच. त्या सोयीपर्यंत आपली बाई पोचते कधी आणि परत येते ती कशी, हा खरा विषय आहे.

ती उशिरा पोचते. आंघोळ करताना हाताला गाठ लागते, पण ती दुखत नसते, आणि जे दुखत नाही त्यासाठी दवाखान्यात जायची आपल्या घरांत रीत नाही. आधी कापसाची वेचणी, मग संत्र्याचा तोडा, मग कुणाचं तरी लग्न. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार होतो आणि ९८ हजारांच्या वर बायका त्यानं दगावतात. गाठ लहान असताना ती गेली असती, तर अनेकदा केवळ गाठच काढून स्तन राखता आला असता, मागाहून रेडिएशनचा शेक दिला की झालं. गाठ वाढली की मात्र बहुतेक वेळा सगळा स्तन काढण्यावाचून इलाज राहत नाही.

मग ऑपरेशनची तारीख ठरते. व्हरांड्यात नवरा, दीर, मोठा मुलगा उभे असतात. ते डॉक्टरांना दोन गोष्टी विचारतात: वाचेल का, आणि पैसे किती लागतील. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. घर त्यांच्यावरच उभं आहे. तिसरा प्रश्न तिचा असतो. माझ्या छातीचं पुढे काय, हा तो प्रश्न. तो ती विचारत नाही, कारण जीव वाचत असताना असलं काही मनात आणणं हेच तिला पाप वाटतं. घरच्यांच्या तर तो ध्यानातही येत नाही. आणि ज्या ओपीडीत एका सकाळी शंभरेक माणसं तपासायची असतात, तिथे न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला कुणाला फुरसत नसते. ती कागदावर सही करते किंवा अंगठा उमटवते.

टाके निघतात, किमो संपतो, केस परत येतात. ‘बरी झाली’ म्हणून गाव मोकळं होतं. तिचं मात्र पुढे रोजचंच सुरू राहतं. ब्लाउज एका बाजूला सैल पडतो, म्हणून त्यात रुमालाची घडी, जुन्या लुगड्याचा बोळा, कापसाचा पुंजका असं काहीबाही कोंबलेलं असतं. वेचणीला वाकली की ते सरकतं. पदर सारखा सावरावा लागतो. एका बाजूचं वजन गेल्यानं खांदा आणि मान दुखते. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हाताला सूज चढण्याची भीती वेगळीच. लग्नाला जायचं ती टाळते. ब्लाउजचं माप द्यायला शिंप्याकडे जायचंही टाळते. बहिणीसमोर लुगडं बदलायला लाजते. यातलं बोलली, तर उत्तर ठरलेलं: आता या वयात काय करायचंय?

या उत्तराचा आम्हाला संताप येतो. अपघातात पाय गमावलेल्या माणसाला जयपूर फूट बसवायचं म्हटलं की आपण शिबिरं भरवतो, वर्गणी काढतो, आमदार उद्घाटनाला येतात. या वयात पाय कशाला, असं त्याला कुणी विचारत नाही. बाईनं छाती मागितली तर ती हौस ठरते. दोघांनीही शरीराचा अवयव गमावलेला आहे, दोघांनाही चारचौघांत सरळ उभं राहायचं आहे. मग एकाची गरज आणि दुसरीची हौस हा भेद कुठून आला?

खरं तर शरीराचा गेलेला भाग शरीरातूनच घडवण्याच्या विद्येत मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रजी फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाचं नाक टिपूच्या सैन्यानं कापलं होतं आणि पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं होतं. कातडी पुरती तोडायची नाही, एका टोकाशी रक्त चालू ठेवायचं आणि नव्या जागी ती रुजली की मग सोडवायची, हे त्यातलं मर्म. युरोपच्या सर्जनांनी ते वाचून शिकून घेतलं. आज पाठीचा किंवा पोटाचा मांसल भाग वळवून छाती घडवतात, तेव्हा त्यामागे हेच तत्त्व असतं.

घडवण्याच्या वाटा मुख्यतः दोन. एकीत त्वचेखाली रिकामी पिशवी ठेवतात, काही आठवडे थोडंथोडं सलाईन भरून ती फुगवतात आणि जागा झाली की तिथे सिलिकॉनचा इम्प्लांट बसवतात. दुसरीत बाईचंच मांस वापरतात. पाठीचा स्नायू त्वचेसकट काखेखालून पुढे आणतात, किंवा बेंबीखालची त्वचा आणि चरबी छातीवर नेतात. पोटाचा स्नायू जागेवर ठेवून नुसती चरबी न्यायची तर अगदी बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडाव्या लागतात. ते तासन् तास चालणारं काम आहे आणि ते सगळीकडे होत नाही. स्तन काढताना त्याच वेळी हे करता येतं किंवा काही महिन्यांनी, वर्षांनीही. पुढे शेक द्यायचा असेल तर त्याच्यानं इम्प्लांटभोवती कडकपणा येऊ शकतो, म्हणून पुष्कळदा थांबायला सांगतात. घडवलेल्या स्तनाला पूर्वीची संवेदना बहुधा येत नाही, हेही आधीच सांगायला हवं. आजार परत येण्याचा धोका मात्र पुनर्रचनेनं वाढत नाही. ही शंका घरोघरी असते, म्हणून मुद्दाम लिहितो.

इथे आमच्या भागातल्या बाईचा वेगळा विचार व्हायला पाहिजे. ती खुर्चीवर बसून काम करणारी नाही. ती डोक्यावर वैरणीचा भारा घेते, संत्र्यांचे क्रेट उचलते, विहिरीतून पाणी शेंदते. पोटाचा स्नायू घेतला तर पोटाची भिंत कमजोर होऊन ओझं उचलणं जड जाऊ शकतं. पाठीचा घेतला तर ओढण्याचं आणि डोक्यावर हात नेऊन करायचं काम काही काळ, कधी कायमच, अवघड होतं. म्हणून ‘बाई, तुम्ही काम काय करता?’ हा प्रश्न सर्जननं आधी विचारला पाहिजे, आणि त्यानं विचारला नाही तर तिनं आपणहून सांगितलं पाहिजे. दुसरी गोष्ट तंबाखूची. खर्रा म्हणा, दातांना लावायचा गुडाखू म्हणा, निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि आणलेलं मांस नव्या जागी रुजत नाही. आमच्या कित्येक माय-मावश्यांना हे व्यसन आहे आणि पुरुष डॉक्टरपुढे त्या ते कबूल करत नाहीत. शेजारी बसलेल्या, त्याच वाटेनं गेलेल्या बाईला मात्र सांगतील.

लहान संस्था का हवी, ते इथे कळतं. ऑपरेशन मोठ्या रुग्णालयानंच करावं. पण आदल्या रात्री जवळ बसणं आणि सहा महिन्यांनी ब्लाउजविषयी बोलणं हे त्याच दुखण्यातून गेलेल्या बायकाच करू शकतात. इंग्लंडमधल्या नॉर्विचला २००७ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘कीपिंग अब्रेस्ट’ या छोट्या धर्मादाय संस्थेनं त्यासाठी एक धीट पद्धत काढली. बंद खोलीत फक्त बायका जमायच्या, ज्यांची पुनर्रचना झाली आहे त्या आपली छाती दाखवायच्या आणि ज्यांची व्हायची आहे त्या पाहून विचारायच्या. व्रण कुठे येतो, दोन्हीकडे सारखं दिसतं का, हे छापील पत्रकातून कळत नाही.

आपल्याकडेही काम होतं आहे. पुण्यात डॉ. चैतन्यानंद कोप्पीकर यांनी उभारलेलं प्रशांती कॅन्सर केअर मिशन शक्य तिथे स्तन राखून, आकार सांभाळून शस्त्रक्रिया करण्यावर भर देतं आणि परवडत नाही अशा बायकांना आधार देतं. मुंबईत जयश्री रतन यांनी साईशा इंडिया फाउंडेशन सुरू केलं. त्या स्वतः या आजारातून गेलेल्या. तिथे स्वयंसेवी बायका सुती धाग्यानं स्तन विणतात, आत हलका भराव घालतात आणि गरजू बायकांना ते फुकट देतात. अमेरिकेत बार्बरा डेमोरेस्ट यांनी २०११ मध्ये असंच काम सुरू केलं होतं. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन महाग, जड आणि घामानं चिकटणारा. आमच्याकडच्या वैशाखात तो दिवसभर अंगावर बाळगणं ही शिक्षाच. विणलेला हलका असतो, धुता येतो आणि साध्या ब्रामध्ये बसतो. जखम पुरती भरली आणि डॉक्टरांनी होकार दिला की वापरता येतो. पुनर्रचना नको असलेल्या किंवा तिची वाट पाहणाऱ्या बाईला रुमालाच्या घडीतून सोडवणारी ही वस्तू आहे.

आणि काहीच नको असणाऱ्याही बायका आहेत. अमेरिकी कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी १९८० च्या आपल्या पुस्तकात लिहिलं आहे की, ऑपरेशननंतर त्या कृत्रिम स्तन न लावता डॉक्टरांकडे गेल्या, तेव्हा परिचारिकेनं त्यांनाच बोल लावला. इतर रुग्णांचं मनोधैर्य खचतं म्हणे. लॉर्ड यांना आहे तसंच राहायचं होतं. पुनर्रचनेचा पुरस्कार करताना हेही तितक्याच मोकळेपणानं मान्य करावं लागेल. एखादीला दुसऱ्यांदा सुरीखाली जायचं नसेल, मजुरीचे दिवस बुडवायचे नसतील, सपाट छातीनं ताठ चालायचं असेल, तर तो तिचा निर्णय आहे. आम्ही भांडतो आहोत ते, निर्णय घेण्याआधी तिला सगळं ठाऊक असावं, यासाठी. अमेरिकेत २१ ऑक्टोबर १९९८ च्या कायद्यानं, स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विम्याला पुनर्रचनेचाही खर्च देणं बंधनकारक केलं. आपल्याकडेही हा उपचाराचाच भाग धरला गेला पाहिजे.

सौंसर-पांढुर्ण्यात त्याच वाटेनं गेलेल्या बायकांचं असं मंडळ उभं राहायला जड नाही. इथे कापूस पिकतो, विणणारे हात आहेत, बचत गट आहेत. बायकांनी बायकांत बसायची सवय तर जुनीच आहे: आत्ता कोजागिरीपर्यंत भुलाबाई, संक्रांतीला हळदीकुंकू. मात्र ऑपरेशन झालेल्या, विधवा, एकट्या अशा सगळ्यांना त्या बैठकीत सन्मानानं बोलवावं लागेल. ज्यांना हळदीकुंकवाला वगळलं जातं त्यांनाच याची गरज जास्त असू शकते. आशाताईंना गावातली कोणती बाई नागपूरला जाऊन आली हे माहीत असतं. तिनं परवानगी दिली तरच तिचं नाव मंडळाकडे जावं.

नागपूरला जाणाऱ्या बाईसोबत मंडळातली एखादी गेली तर बरंच साधेल. आधी किमो देऊन गाठ लहान करता येईल का, स्तन राखता येईल का, काढावा लागला तर पुनर्रचना लगेच की शेक झाल्यावर, त्यानं कामावर काय परिणाम होईल, हे तीच व्हरांड्यात विचारेल. आयुष्मान कार्ड राज्याबाहेरच्या, योजनेत असलेल्या दवाखान्यातही चालतं, म्हणून कार्ड मध्य प्रदेशचं आणि दवाखाना महाराष्ट्रातला एवढ्यावरून कुणी मागे फिरू नये. योजनेत नेमकं काय बसतं, याची चौकशी दाखल होण्याआधी तिथल्या आयुष्मान मित्राकडे करावी. जिल्हा प्रशासनाकडे आमची मागणी छोटी आहे: सौंसर आणि पांढुर्ण्याच्या सरकारी दवाखान्यांत आठवड्यातून एक दुपार दार लावून बसता येईल अशी एक खोली, सुती धाग्यासाठी थोडा निधी आणि रुग्णासोबत जाणाऱ्या बाईचं नागपूरचं जाण्यायेण्याचं भाडं. यंदाच्या तिसऱ्या बुधवारपासून हे सुरू करता येईल.